तंजावुरातलं धुराडं

आमच्या यांस सगळे साधा माणूस म्हणतात आणि मज त्याचा राग येतो. साधा कसला! साध्या माणसाशी संसार करणं सोपं असतं. हे वरुणराव म्हणजे सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढणारे, चौतीस वर्षं टेबलावर वाकलेले, आणि इतके खरं बोलणारे की लग्नाच्या चौथ्या दिवशी सासूबाईंसमोर म्हणाले, "आमटी छान आहे, पण ही श्रीलक्ष्मीनं केलेली नव्हे." ती खरंच शेजारच्या मामींनी चोरून दिली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मज.

गावास मात्र याचा उपयोग व्हायचा. पश्चिम राजवीधी रस्त्यावर दोन भावांचं नऊ इंच भिंतीवरून सहा वर्षं बोलणं बंद होतं. यांस बोलावलं. यांनी दोनदा टेप धरली, "धाकट्याची" म्हणून सांगितलं, आणि थोरला मुकाट्यानं आत जाऊन सगळ्यांस कॉफी घेऊन आला. वरुणराव म्हणाले म्हणजे झालं, अशी यांची पत. घरात ती पत मीच काय ती ठेवत नसे.

वल्लम रस्त्यावर एक इंग्रजी बंगला आहे. दीडशे वर्षांमागं हॅलोवे म्हणून कुणी निळीचा व्यापारी होता, त्यानं विलायतेतलं आपल्या बापाचं घर आठवून आठवून बांधलेला. तिकडे म्हणे मोठ्या लोकांची घरं अशीच शेतांच्या मधोमध असतात. समोर चार खांब, मधोमध दार, आणि डावीकडे जितक्या खिडक्या तितक्याच उजवीकडे. उजवीकडे आतून जिना आडवा आला, खिडकी बसेना. तर या बहाद्दरानं बाहेरून नुसती झडपं ठोकली, मागं विटांची भिंत! आणि या सगळ्यावर कडी म्हणजे धुराडं. खालच्या दिवाणखान्यात शेकोटी, तिचं बांधकाम भिंतीतून दोन हात पुढं आलेलं. तेच वर माडीच्या खोलीतून चढत जाऊन गच्चीवर दीड-दोन पुरुष उंच निघालेलं. अहो, हे तंजावूर! इथं वैशाखात अंगणात घातलेले सांडगे दुपारपर्यंत खडखडीत वाळतात. इथं कुणास हुडहुडी भरली होती? पण बापाच्या घरी होतं म्हणून याच्या घरी. लोक त्यास ‘पुगै बंगला’ म्हणतात. पुगै म्हणजे धूर. तो धूर आजवर कुणी पाहिलेला नाही.

त्रेसष्ट साली तिथं शेतीखात्याचं ऑफिस होतं आणि नकाशा करायला यांस पाठवलं. आतल्या खोल्यांची मापं बाहेरच्या मापाशी जुळेनात. साहेब म्हणाले, थोडं इकडचं तिकडं करून जुळवून टाका. हे आठ दिवस सायकलीनं जात राहिले, शेकोटीत डोकं घालून आतली पोकळी मोजली, रोज घरी काळं तोंड घेऊन आले. मापं जुळली, साहेबांचं बिनसलं, आणि आमची बदली पट्टुकोट्टैस झाली ती तीन वर्षं. मी तेव्हा नवी नवरी. दोन महिने यांच्याशी धड बोलले नाही.

आता माझा भाऊ वेंकट. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा. मी त्यास माझ्याकडे आणलं, यांनी त्यास गणित शिकवलं. पण पोरगा निघाला वेगळ्याच मातीचा. पंच्याण्णव साल आलं. त्या वर्षांत काय वारं सुटलं होतं म्हणून सांगू! ज्यास त्यास हॉटेल काढायचं होतं. मोठ्या देवळापुढं परदेशी लोकांच्या बसच्या बस उभ्या राहात होत्या. वेंकटानं पापनाशमचं शेत विकलं आणि हा पुगै बंगला घेतला. हेरिटेज हॉटेल करणार म्हणे. शेत विकलं म्हणून पापनाशमला राहणारे आमचे थोरले चुलते, नामदेवकाका, वय एक्क्याण्णव, त्याच्यावर रुसून बसले. "त्या घरात पाऊल टाकणार नाही," म्हणाले.

मी वेंकटास म्हटलं, "एकदा भावोजींस दाखव."

"अक्का, भावोजी टेप घेऊन येणार आणि सहा महिने नुसतं ‘नाही’ म्हणणार."

मी हसले. खोटं कशास सांगू, मजही ते पटलं होतं.

मद्रासहून वास्तुशास्त्रवाला आणला. त्या वर्षांत तेही एक खूळ आलं होतं. तो म्हणाला, ईशान्येस विस्तव म्हणजे सत्यानाश, ती जागा देवाची, ती शेकोटी आधी काढा. झालं. त्यागराज मिस्त्रीनं जन्मात धुराडं बांधलेलं नव्हतं की पाडलेलं नव्हतं. आमच्या मुलखात चुलीच्या वर असतं काय? कौलांत एक झरोका. चूल फोडली की चूल गेली, वर राहतं काय! त्यानंही तेच धरलं. भिंतीस चिकटवलेली मोठी चूल समजून चार दिवसांत खालची शेकोटी, दोन्ही बाजूंचे विटांचे खांब, सगळं काढून भिंत सपाट केली. वरून पांढरंशुभ्र फॉल्स सीलिंग बसवलं. मी जाऊन बघून आले आणि वा म्हटलं.

गृहप्रवेश ठरला. साडेदहाचा मुहूर्त. आम्ही दोघं नऊ वाजता पोचलो. दाराशी केळीचे खांब, नागस्वरवाले वाद्यं जुळवताहेत, मागं आचारी पायसम ढवळताहेत, दिवाणखान्यात साठ-सत्तर माणूस. होमकुंडाच्या विटा मांडल्या होत्या बरोबर त्या ईशान्य कोपऱ्यात. देवाची जागा ना ती!

हे दारातच थबकले. मी म्हटलं, चला की पुढं. हे हलेनात. डोळ्यांनी भिंत मोजताहेत.

"श्रीलक्ष्मी, इथलं दोन हात बांधकाम कुठं गेलं?"

"शेकोटी काढली. वास्तूस चालत नव्हती."

"आणि वरचं?"

"वरचं कसलं?"

हे चपला दाराशी काढून सरळ जिना चढून गेले. दहा मिनिटांनी खाली आले ते वेंकटास हाताशी धरूनच बोलू लागले. "वेंकट, ही माणसं बाहेर काढ. खालचे पाय काढलेस आणि वरचं धड तसंच ठेवलंस. माडीवरच्या खोलीत आणि गच्चीवर मिळून बारा-तेरा टन वीट आहे. ती या छतावर आहे. बरोबर तुझ्या होमावर."

वेंकट आधी हसला. "भावोजी, तुम्ही अजून त्रेसष्ट सालातच आहात."

त्यागराज मधे आला. "सार, पंधरा दिवस झाले काढून. पडायचं असतं तर पडलं नसतं काय?"

लोक ऐकू लागले. वेंकटाची बायको धनलक्ष्मी रडवेली झाली. "भावोजी, आजच्या दिवशी ‘पडणार’ असं तोंडातून काढू नये." कुणीतरी मागून पुटपुटलं, मेव्हण्याचं बरं झालेलं बघवत नाही. आणि मी काय केलं? मी सगळ्यांदेखत यांस म्हटलं, "आज तरी गप्प बसा. तुमचं ते माप घरी ठेवून यायचं होतं!" आज हे सांगताना माझी जीभ जड होते. पण म्हटलं, ते म्हटलं.

यांचा चेहरा उतरला नाही की चढला नाही. म्हणाले, "बरं. तू एकटी ये वर."

रागारागानं गेले. माडीवरची ती खोली रिकामी होती. भिंतीतून पुढं आलेलं ते विटांचं बांधकाम जमिनीपासून छतापर्यंत तसंच उभं होतं, नव्या रंगात. त्याच्या आणि बाजूच्या भिंतीच्या मधे फट होती, करंगळीएवढी. खाली फरशीवर पांढरी भुकटी. यांनी खिशातून आमंत्रणपत्रिका काढली, घडी घालून त्या फटीत खचून बसवली. मज ओढून बघायला लावलं. निघेना इतकी घट्ट.

"आता बस," म्हणाले.

खाली नागस्वर सुरू झालं. आम्ही दोघं भिंतीस टेकून त्या पत्रिकेकडं बघत राहिलो. किती वेळ? दहा मिनिटं असतील. माझं लक्ष खालच्या गोंधळाकडं होतं. तेवढ्यात पत्रिका सरकली आणि आपसूक खाली पडली. वारा नव्हता, खिडक्या बंद होत्या. मी ती उचलून परत बसवू गेले तर ती सैल आत-बाहेर होऊ लागली, इतकी फट वाढली होती.

खाली माझा भाऊ होता. माझी भावजय, तिच्या दोन मुली. मी ओरडतच जिन्याकडं निघाले, यांनी हात धरला.

"ओरडून काय सांगणार? मी सांगितलं, ऐकलं का कुणी? तू सांगितलंस तर म्हणतील नवऱ्यानं शिकवून पाठवली. आणि धावपळ झाली, सत्तर माणसं एकदम दणदणत उठली, तर तेवढंही पुरेल ते पडायला."

"मग?"

"वेंकट कशानं उठेल?"

"आता प्रत्यक्ष देव खाली उतरला तरी उठायचा नाही," मी म्हटलं. रडू येत होतं मज. "मुहूर्त सोडून उठतो काय कुणी? उठेल तो एका सुतकानं. आणि तेही संकल्प व्हायच्या आधी. एकदा पाणी सोडलं की कुणी मेलं तरी होम पुरा करतात."

हे माझ्याकडं बघत राहिले. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला, आणि जिना उतरून गेले. सरळ फाटकाबाहेर गेले. समोर एसटीडीचं दुकान होतं. मी जिन्याच्या कठड्यास धरून उभी. खाली शेषाद्री भटजींनी आचमन सांगितलं. वेंकट, धनलक्ष्मी, दोन पोरी ओळीनं बसलेल्या. विडा झाला. सुपारीचा गणपती झाला. भटजींनी वेंकटास उजवा हात पुढं करायला सांगितलं, त्यात अक्षता ठेवल्या, पळीभर पाणी घातलं आणि देश-काल उच्चारू लागले. माझे डोळे दाराकडं. येईनात हो हे! देवा, येईनात!

आले. घामानं सदरा भिजलेला.

"वेंकट," दारातूनच म्हणाले. आवाज फाटला. "पापनाशमहून फोन होता. नामदेवकाका गेले. पहाटे."

नागस्वर बंद पडलं. शेषाद्रींनी झटक्यानं वेंकटाचं मनगट धरलं. "पाणी सोडू नका! संकल्प पुरा झालेला नाही. सख्खे चुलते, दहा दिवस. उठा." आणि त्याच्या हातातलं पाणी जसंच्या तसं परत पात्रात ओतून घेतलं.

एकानं, अहो एकानं तरी विचारावं, फोन कुणाचा, काय झालं, कसं झालं? नाही. वरुणरावांनी सांगितलं ना! घटकेपूर्वी ज्याचं खरं कुणी कानांवर घेतलं नव्हतं, त्याच्या खोट्यावर सत्तर माणसांनी हूं की चूं केलं नाही. धनलक्ष्मीनं हंबरडा फोडला. मीही रडले, आणि ते रडणं खरं होतं. माणसं हळूहळू, कुजबुजत, पाय न वाजवता बाहेर पडली. सुतकाच्या घरात कोण दणदण करतो? आचाऱ्यांनी पायसमवर झाकण घातलं. वेंकट बायकोमुलींस गाडीत घालून पापनाशमला निघाला. यांच्याकडं बघून म्हणाला, "तुम्ही पुढचं बघा." हे म्हणाले, "बघतो."

गाडी वळली मात्र, आणि यांनी त्यागराजास हाक मारली. असा आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. बंगल्याच्या मागं सुरूचे वासे पडले होते ते आणवले, जाड फळ्या आणवल्या. फॉल्स सीलिंगचा एक तुकडा स्वतः काठीनं पाडला. वर विटांचे तुटके दात लोंबत होते आणि त्यांच्याखाली एक सागवानी तुळई वाकलेली. मधे उभी चीर. त्यागराजानं वर बघितलं, "अय्यो मुरुगा," म्हणाला आणि भिंतीस धरून खाली बसला. बिचाऱ्याचे ओठ पांढरे झाले होते. मग उठला तो थेट कामास लागला.

मज यांनी फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बसवलं. मी बसले नाही, पायरीवर आले. आत हे, त्यागराज आणि त्याचा एक गडी, तिघं माणसं त्या ओझ्याखाली वासे उभे करताहेत, वर फळी, खाली पाचर. पाचरी ठोकायच्या नाहीत, हातानंच सरकवायच्या, असं हे पुन्हा पुन्हा बजावत होते. मधेच वरून बारीक चुना सांडायचा. सांडला की तिघंही हात थांबवून वर बघायचे, आणि मी पदर तोंडात कोंबायची. या माणसास आज काही झालं तर माझं शेवटचं बोलणं कोणतं? गप्प बसा! हेच ना? मारुतीस एकशेआठ प्रदक्षिणा बोलले, शनिवार बोलले, काय काय बोलले मजच ठाऊक नाही. पाच वासे लागले तेव्हा एक वाजून गेला होता.

दोनच्या सुमारास वेंकट आला. एकटाच. गाडीचं दार उघडं टाकून धावत आत.

"जिवंत माणसास मारलंत!" यांच्यावर ओरडला तो. "काका दहीभात खात होते! धनलक्ष्मी रस्ताभर रडत होती, आम्ही रडत घरात शिरलो तर काकाच विचारतात, कोण गेलं रे? काय सांगू मी? माझा मुहूर्त गेला, माझी लाज गेली. आणि पडलं कुठं? सांगा ना, पडलं कुठं तुमचं धुराडं?"

"नाही पडलं," हे म्हणाले.

"मग मी दाखवतो!" त्यानं त्यागराजाच्या हातातला हातोडा हिसकावला आणि मधल्या वाशाच्या पाचरीपाशी गेला. "काढतो ही काठी. पडतंय का बघूच."

हे चार पावलं चालले आणि बरोबर त्या वाकलेल्या तुळईखाली जाऊन उभे राहिले. हात मागं बांधून.

"मार."

"सरका भावोजी."

"तुज खात्री आहे ना पडत नाही म्हणून? मग मी सरकू कशास? मार."

वेंकटानं हातोडा उचलला. लहानपणापासून तसाच तो, डोळ्यांत रक्त उतरलं की काही दिसत नाही त्यास. मी काय विचार केला, काही केला का, ठाऊक नाही. गेले आणि यांच्या शेजारी उभी राहिले.

"अक्का, तू हो बाहेर!"

"होत नाही."

"अक्का!"

तेवढ्यात वासा करकरला. आम्ही कुणी हात लावला नव्हता. वरून चुन्याची धार सुटली ती यांच्या टकलावर, माझ्या केसांत. वेंकटाचा उचललेला हात तसाच राहिला. त्यानं दुसरा हात वाशावर ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला.

त्यागराज दारातून दबक्या आवाजात म्हणाला, "सार, ती पाचर मी दोन बोटांनी सरकवली होती. आता हलवून बघा."

वेंकट वाकला. दोन्ही हातांनी पाचर ओढू लागला. दात ओठ खाऊन ओढली. ती लाकडात रुतून बसली होती. वरचं सगळं ओझं एव्हाना तिच्यावर येऊन टेकलं होतं. तो तिथंच उकिडवा राहिला, वर बघत. मग त्या विटांपासून होमकुंडापर्यंत त्याची नजर आली. त्यातलं अंतर मोजायला काही टेप लागत नव्हती.

"भावोजी," त्याचा आवाज अगदी लहान झाला, "मज खरं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं रे," हे म्हणाले. "साडेनऊला."

वेंकटानं हातोडा जमिनीवर ठेवला, आवाज होऊ न देता. उठला, होमकुंडापाशी गेला आणि तिथले पाट उचलू लागला. आधी स्वतःचा उचलून बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवला. मग धनलक्ष्मीचा. मग थोरल्या पोरीचा. धाकटीचा पाट उचलला आणि तो छातीशी धरून तिथंच उभा राहिला; तो मज त्याच्याकडून घ्यावा लागला.